खिडकी क्रमांक दोन

प्रवेशाचे शेवटचे तीन दिवस.
पंखा फिरतो तो फक्त फायलींवरची धूळ हलवायला.
गजांतून आत सरकला एक अर्ज,
अर्धाच भरलेला.
फोटोच्या रिकाम्या चौकटीत चिकटलेला खवला,
पेडव्याचा असणार, एवढा बारीक.

'ह्यां क्रेडिट म्हणजे उधारी मा?'

विशाखा गिरप. वय छत्तीस.
वेंगुर्ला बंदरावरचा सकाळचा लिलाव आटोपून
टोपली बहिणीच्या हवाली करून आलेली.

मी म्हटलं, उलट आहे, बाई.
इथं क्रेडिट म्हणजे तुम्ही कमावलेलं.
तास बसलात, परीक्षा दिलीत, की जमा.
एका विषयाचे चार, सत्राचे बावीस.
ती जरा गप्प राहिली.
मग म्हणाली, 'बरा आसा.
आमच्याकडे क्रेडिट म्हटला
की वही दुसऱ्याच्या हातात.'

एकवीस वर्षं मी ह्या खिडकीतून
हे शब्द देतो, शेंगदाण्यांसारखे,
पुडी बांधून, न बघता.
सेमिस्टर म्हणजे सहा महिने.
ऐच्छिक म्हणजे तुम्हीच निवडायचं
(पण अर्थशास्त्राच्या मॅडम रजेवर,
म्हणून यंदा सगळ्यांनी इतिहासच निवडायचा).
पूर्वअट म्हणजे, असं मी सुरू करतो न करतो
तोच तिनं वाक्य हातातून काढून घेतलं:
'आधी जाळा विणूक शिक, मगे होडयेत चढ.
तसाच मा?'
तसंच.

रांगेत मागे उभा पोरगा, कानात वायर,
म्हणाला, काकी, एटीकेटीचं पण विचारून ठेवा.
नापास म्हणजे, पण घरी बोंब होत नाही.
रांग हसली. तीही हसली.
'म्हणजे व्हडी चिकलात रुतली,
पण बुडली नाय.'
विद्यापीठाच्या परिपत्रकात ह्याला
सव्वा पान लागलंय.

मग यादीत अकरावं. गॅप सर्टिफिकेट.
बारावी दोन हजार सात,
मधली वर्षं अठरा.
मुद्रांकावर लिहून द्यायचं, सहीनिशी.
नमुना मीच देतो, झेरॉक्स दोन रुपये:
'ह्या कालावधीत मी कोणतेही शिक्षण घेत नव्हते.'

तिनं वाचलं. परत वाचलं.
कागद गजांतून माझ्याकडे वळवला.
'ह्यां खोटा आसा ओ.'

मला वाटलं आता सांगेल सगळं.
ती सांगायला लागली नाही.
अंगठा एकेका पेरावर ठेवत
मनाशी काहीतरी मोजत राहिली,
बर्फाचे भाव असतील,
डिझेलचे हप्ते,
सोसायटीच्या कर्जाची कलमं
रात्री एकटीनं लावलेली.
किंवा अजून काही.
खिडकीतून तेवढंच दिसतं माणूस:
हात, आणि हनुवटीपर्यंत.

एकवीस वर्षांत पहिल्यांदा
मी तो नमुना नीट वाचला.
कोणी टाइप केला होता आठवेना.
मीच असेन.
'कोणतेही'च्या पुढे काकपद काढून
निळ्या पेनानं घातलं, 'मान्यताप्राप्त'.
मोठे साहेब खाडाखोड चालवून घेत नाहीत.
परत पाठवतील. पाठवू देत.

'आणि बोनाफाईड?'
तुम्ही इथल्याच आहात, असा दाखला.
'तो कोण देतलो?'
मी, म्हटलं. सही प्राचार्यांची, पण देणार मी.
तिनं मान हलवली, पिशवी खांद्याला लावली.
'फोटो उद्या हाडतंय.'

अर्ज फायलीत लावला.
पंचिंग मशीन दाबताना बघितलं,
खवला तसाच,
चौकटीच्या अगदी मधोमध.
नख लावलं होतं.
मग राहू दिला, उद्यापर्यंत.