रिकाम्या कांड्या

माग भंगारात गेले त्या दिवशी
वजनवाल्यानं लोखंड तोलून घेतलं,
लाकूड अंदाजानं,
आणि कांड्यांचं पोतं पायानं सरकवलं.
बरूच्या जुन्या कांड्या, हे कोण घेतंय आता?

चाळीस वर्षं मी कांड्या भरल्या.
चरखा फिरवून फिरवून अंगठा असा गुळगुळीत
की रेशनच्या दुकानात मशीन
दोनदा नाही म्हणतं
आणि तिसऱ्यांदा माझी दया येऊन हो म्हणतं.

पत्रे उतरवले तर खाली लाल माती निघाली,
वडगावची, माहेरासारखी.
दोन मागांच्या पायांचे आठ खड्डे.
पावसाचं पाणी धरायला लागले
तसे मी दोन ठेवले, त्यात खडे टाकले.
पिणाऱ्याला पाय टेकायला काही नको?
पिणारं कोण, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पोतं कढीपत्त्याखाली पडून होतं.
एक दिवस सकाळी एक माशी आली, काळपट,
पोटाखाली पिवळी पावडर,
पायांत पानाचा गोल तुकडा.
पोत्याच्या भोकातून आत.
बाहेर. परत तुकडा. परत आत.
माझा चहा निवून गेला.
मी गुलाबापाशी जाऊन बघितलं:
पानाच्या काठाला अर्धा चंद्र कापलेला,
एकही धागा निघालेला नाही.
आमच्या परशरामनं सारी उमर काठ विणले,
त्याला दाखवलं. तो चष्मा पुसून म्हणाला,
हिला पगार काय देतेस?

मग कांड्या सुतळीनं बांधल्या, वीस-वीसच्या जुड्या,
उगवतीकडं तोंड करून भिंतीला टांगल्या,
जरा पुढं कलत्या, पाणी आत शिरू नये म्हणून.
एक कोपरा झाडायचा बंद केला.
एक तुकडा जमीन उघडीच ठेवली, शेणानं सारवली नाही,
तिथं बारीक भोकं पडायला लागली, कडेला मातीची रांगोळी.
औषधाची बाटली खताच्या दुकानात परत दिली,
त्यानं पैसे दिले नाहीत, मिरचीची रोपं दिली.

सून भांडली.
कढीपत्ता सगळा सुरवंटांनी खाल्ला,
फोडणीत काय घालू, तुमचे पाहुणे?
वैजूचंही खोटं नव्हतं.
आधी चिमणीच्या विष्ठेसारखे, मग हिरवेगार,
हात लावला की लाल शिंगं काढून दाखवणारे.
ती मंगळवारी दोन रुपयांचा कढीपत्ता आणायची
आणि आणल्याचं मोठ्यानं सांगायची.

आणि धुराचं मशीन आलं.
महापालिकेचा पोरगा, गळ्यात पट्टा, कानात बोळे,
गल्ली पांढरी करत आमच्या दारापर्यंत.
मी आडवी उभी राहिले.
माझं कन्नड बाजाराचं, भाजी आणि भावापुरतं.
बेडप्पा, बेडा. हुळ साय्तावु.
तो हसला. म्हणाला, अव्वा, हुळ मरायलाच तर हा धूर.
हे मराठीत म्हणाला.
मी म्हटलं, डास कुठं वाढतात ते मी दाखवते, चल.
गटारीच्या तुंबलेल्या तोंडाशी नेलं.
त्यानं तिथं धूर सोडला, तक्रार लिहून घेतली.
गटार अजून तुंबलेलीच आहे.
खड्ड्यांतलं पाणी मी दोन दिवसांआड ओतते, आधी आळस करायची.

ह्या वर्षी मोजलं.
एकतीस तोंडं बंद, काही चिखलानं, बाकी पानांनी.
आठांत मुंग्या शिरल्या, ते गेलं.
एक कांडी मात्र वेगळी.
तोंडाशी गडद गुलाबी बूच,
कागदासारखं पातळ, थरावर थर.
आमच्याकडं हा रंग नाही.

तो नीलव्वाच्या कंपाउंडावरच्या बोगनवेलीचा.
नीलव्वा आणि मी सहा वर्षं बोललो नाही,
भिंत कुणाच्या जागेत किती इंच, त्यावरून.

काल ती भिंतीपलीकडून वाकून विचारत होती,
माझ्या फुलांना गोल गोल कोण कापतंय.
मी हात पुसला, कांडी दाखवली.
तिनं बराच वेळ बघितलं.
मग म्हणाली,
उरल्यात का अजून?

पोतं अर्धं भरलेलं आहे.