रकाना चौदा

अप्परच्या शेवटच्या स्टॉपवर उतरले तेव्हा
पिशवीत बावीस फॉर्म होते
आणि दोन पेनं, त्यातलं एक न उठणारं.
रकाना चौदा: कुटुंबाचं दरमहा उत्पन्न. आकड्यात लिहा.

तेजस अवघडे उंबऱ्यातच बसला होता,
हेल्मेट मांडीवर, हेल्मेटात पोरीचा हात.
दरमहा म्हणजे?
म्हटलं, महिन्याला.
ताई, महिना कुठंय आता, तो म्हणाला,
परवा सातशे चाळीस, काल एकशे नव्वद,
आज आयडी बंद.
पेट्रोल धरायचं की वगळायचं?
सूचनापत्र उलटंपालटं केलं.
पेट्रोलचं त्यात काही नव्हतं.

आतून त्याची आई, लाटणं न थांबवता:
ह्याचे वडील आकुर्डीला कंपनीत होते.
तेव्हा महिना यायचा आमच्याकडं,
सात तारखेला, दिवेलागणीला.
चपला काढून बसायचा,
हातात भेळेचा पुडा असायचा त्याच्या.

रुबिना तांबोळी जिन्यात भेटली,
वॅक्सचा डबा, घडीचा पलंग, खांद्यावर पट्ट्याचा वळ.
उंड्रीच्या टॉवरात मागच्या लिफ्टनं वर जाते ती.
पार्लरात आठ हजार होते, ठरलेले.
आता बारा पडतात, कधी पंधरासुद्धा,
पण त्यातलं क्रीमला किती जातं ते विचारा ना.
मी विचारलं. तिनं सांगितलं.
त्याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं, मुंगीएवढ्या अक्षरात.

कोपऱ्यावर मुजम्मिलनं पंक्चरच्या टपरीत
दुसरा कॉम्प्रेसर बसवलाय.
समोर शेवंताबाई लोंढेंचे चौदा डबे होते, पाच उरले.
जेवणारी पोरंच आता दुसऱ्यांची जेवणं पोचवतात,
रात्री एकला कुठंतरी गाडीवरच वडापाव खातात.
एक वर गेला, एक खाली आली.
सरासरी काढली असती
तर गल्ली तसूभर हलली नसती.

ओसवाल किराणावाले म्हणाले,
तो फॉर्म ठेवा बाजूला, ही वही बघा.
आधी एका घराला महिन्याला एक ओळ लागायची,
पाच किलो साखर, पंधरा किलो गहू.
आता रोज रात्री पावशेर साखर, वीस रुपयांचं तेल.
माल तेवढाच जातो हो,
माझी शाई तेवढी तिसपट जाते.

बायकांची भिशीपण महिन्याची होती म्हणे.
मग आठवड्याची झाली.
आता रोज पन्नास, रात्री अकरा वाजता,
घरची माणसं गाडी लावून वर आली की.
चिठ्ठी काढायला लहान पोर लागतं
आणि तोवर सगळी पोरं झोपलेली असतात.
परवा एकीनं झोपलेल्या लेकराचाच हात डब्यात घातला.

परत निघाले तर तेजस तिथंच.
तुम्हाला ह्या एका फॉर्मचे किती?
पस्तीस.
चुकला तर?
परत येतो. पैसे कापतात.
तो इतका हसला की पोर दचकली.
मग सरकून त्यानं उंबऱ्यात जागा केली,
आईला म्हणाला, चहात एक कप पाणी वाढव,
आपल्यातलंच माणूस आहे.

रात्री सुपरवायझरचा फोन.
चौदा रिकामा कसा? सिस्टीम घेत नाही.
काहीतरी आकडा टाका मॅडम, उद्या सकाळपर्यंत.

सातशे चाळीस अधिक एकशे नव्वद अधिक शून्य.
भागिले तीन. गुणिले तीस.
नऊ हजार तीनशे.
टाकला. स्क्रीन हिरवी झाली,
पस्तीस रुपये जमा दिसायला लागले.

हिशोबात चूक नव्हती, दोनदा तपासला.
फक्त नऊ हजार तीनशेचा महिना
त्या दारात कधी आलेला नव्हता,
चपला काढून तर नाहीच.