सगळ्यात लांबचं चाक

पाचव्या फेरीत, समुद्राकडे उतरणाऱ्या वळणाआधी
ब्रेक दाबला, आणि पेडल
लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं.
पायाखालची जमीन सरकते म्हणतात;
माझ्या तर पायाला येऊन लागली.

गवतात थांबले. मेंढ्यांचं कुंपण दोन हातांवर.
झेंडेवाला म्हातारा आला, घाई न करता,
इथे वेल्समध्ये पावसात चालतात तसा.
चाकाशी वाकून वास घेतला, म्हणाला,
"तेल उकळलं तुझं, पोरी."
बावन्न वर्षांची आहे मी. बरं वाटलं.

एरवी ही गाडी दोन नातवंडं शाळेत सोडते.
मागच्या सीटखाली बिस्किटांचा चुरा,
तोमोसचा एक मोजा, कधीचा.
वर्षातले तीन रविवार मात्र
आम्ही दोघी कुणाच्याच कुणी नसतो.

रात्री लाल कॅलिपर बघत बसले,
सहा पिस्टनचे, डिस्क ताटाएवढ्या.
त्यांना मोठी चाकं लागणार, चाकांना नवे टायर,
टायरांना बहुधा नवी मी.
शेवटी इड्वलला फोन केला.
धाकटा भाऊ. बस डेपोत मेकॅनिक.
आईला पुरलं त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.
त्याने ऐकून घेतलं, आणि
नाकापेक्षा मोती जड, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला.
"तेल बदल. पॅड बदल. मग बघू."

शनिवारी आला. चहा नको म्हणाला.
"सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करायचं,"
आणि डाव्या मागच्या चाकापाशी आडवा झाला.
पारदर्शक नळी, जॅमची रिकामी बरणी, पाना.
मी सीटवर. पाय पेडलवर.

दाब.
दाबलं.
धर.
धरलंय.
सोड.

एवढंच बोलणं, पाऊण तास.
बरणीत उतरत होता काळ्या चहासारखा द्रव.
"हे हवेतलं पाणी पितं," खालून आवाज.
"झाकण बंद असलं तरी पितं.
रोजच्या रस्त्यावर कळत नाही.
तापलं की कळतं."
मी बाजूच्या आरशात पाहिलं.
तिथे नुसते त्याचे बूट.

तिसऱ्या चाकाला मी लवकर सोडलं.
आईच्या खोलीचा विचार करत होते,
किल्ली कुणी परत केली असेल, असला.
नळीतून बुडबुडा उलटा चढत गेला.
शिव्या देईल वाटलं.
"पुन्हा," म्हणाला. "पाना आवळेपर्यंत धरायचं असतं."

संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर नवे पॅड बसवायला निघालो,
साठ मैलांवरून दहावर, परत साठ, परत दहा,
आठ वेळा, आणि एकदाही
पुरतं थांबायचं नाही.
थांबलं तर डिस्कवर डाग उमटतो म्हणे.
करपल्याचा वास आला, चाकांतून थोडा धूर.
मी घाबरले. तो खूश.
"आता नुसती चालव. ब्रेकला हात... पाय लावू नकोस.
गार होऊ दे."

मग अकरा मैल आम्ही नुसते चाललो.
तो डेपोतल्या नव्या मॅनेजरबद्दल बोलला,
गुडघ्याबद्दल, मांजर मेल्याबद्दल.
आईबद्दल नाही. मीही नाही.
दारात आल्यावर हँडब्रेक ओढायला गेले
तर त्याने माझ्या हातावर हात ठेवला:
"गरम असताना ओढायचा नाही. गिअरमध्ये ठेव."
आणि हात
लगेच उचलला नाही.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी पॅड किंचाळले,
पोस्टमन वळून बघायला लागला.
ग्वेन म्हणाली, "आजी, गाडी का ओरडते?"
"थंड आहे अजून," मी सांगितलं.
तिला पटलं नाही.

जॅमची बरणी शेडमध्येच आहे.
मोरीत ओतायची नाही, इड्वल बजावून गेलाय,
कौन्सिलच्या केंद्रावर नेऊन द्यायची.
मंगळवारी नेईन म्हणते.