पंचवीस पावलांची जुडी

गाडीच्या मागं अजून पुसट दिसतं, ‘शाळेची बस’.
बाकडी काढून मल्लेशमनं आत फळ्या ठोकल्या,
त्यावर गादी, गादीवर मोराची चादर,
कडेला धागा चुकलेली,
बाजारात गेली नाही म्हणून आमची झालेली.
एक शेगडी. पाण्याचा जार. खिडक्यांना टॉवेलचे पडदे.
‘घर,’ तो म्हणाला, आणि किल्ली फिरवली.
तिसऱ्यांदा फिरवल्यावर घर सुरू झालं.

विडी घरकुलातून निघताना
अनसूयानं विचारलं, कुठल्या देवाला?
देवाला नाही गं, चालायला.
चालायला, आणि गाडीनं?
तिचं हसू हिप्परग्याच्या तळ्यापर्यंत मागं येत होतं.

शेगडीच्या वर हारिकानं कागद चिकटवलाय:
सकाळी मोडाची मटकी,
दुपारी ज्वारीची भाकरी, तांदुळजा, कच्चा कांदा,
रात्री हुलग्याचं माडगं, भात नाही.
साखर, आणि तिच्यापुढं लाल फुली.
लेक शिकली, ती याला डाएट म्हणते.
मी ओळखला हा कागद.
मजुरी लांबली की हेच शिजायचं आमच्याकडं,
फक्त तेव्हा भिंतीवर लिहून ठेवायची गरज नव्हती.

नान्नजच्या अलीकडं, सिद्राम बिराजदारांच्या बांधाला मुक्काम.
रात्रभर पत्रा थंडीनं टकटक वाजला.
मल्लेशम घोरत होता,
यंत्रमाग बंद होऊन चार वर्षं झाली,
ठेका तोच.
मी पडदा सरकवून चांदण्या बघत पडले.
इतक्या असतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहाटे माळ.
गवत गुडघ्याएवढं, भाजलेल्या भाकरीच्या रंगाचं.
डॉक्टर म्हणाले होते, रोज दहा हजार पावलं.
दहा हजार म्हणजे माझी दहा दिवसांची मजुरी!
तीस वर्षं मी हजाराला बांधलेली:
मांडीवर सूप, सुपात पान, तंबाखू,
पंचवीसची जुडी, चाळीस जुड्या,
त्यातली छाट वजा करून हातावर पैसे.
बोटांचा हिशेब झाला.
पाय कुणी मोजलेच नव्हते,
ते आपले मुंग्या येऊन मांडी घालून पडलेले.

दोन हजारांवर मल्लेशमचा मोबाईल मेला.
तो धोंड्यावर मटकन बसला,
‘आता चालून काय उपयोग? कोण धरणार हिशेबात?’
मी अंगठा पेरावर ठेवला.
पंचवीस. जुडी.
पंचवीस. जुडी.
तो मागनं आला, कुरकुरत.
त्याच्याआधी माझा गुडघा कुरकुरत होता,
ओढ्याच्या चढाला तोही गप्प झाला.
साडीचा काठ कुसळांनी जड झालेला,
पंच्याऐंशी, शहाऐंशी,
तोच समोरचं गवत उभं राहिलं.

काळवीट.
शिंगं अशी, जसं कुणी ओलं सूत पिळून वाळत टाकलंय.
त्यानं बघितलं माझ्याकडं
आणि परत खाली तोंड घातलं,
जशी मी रोज या वाटेनं जाणारी बाई.
मग मागचा सगळा कळप उड्या मारत गेला,
कशाला भिऊन नाही, काय की, उगीचच.

सत्त्याऐंशी होती की सत्त्याहत्तर?
आकडा गेला.
सवयीनं मी मागं बघितलं.
मुकादम नव्हता.
माळ होता, आणि धापा टाकत येणारा मल्लेशम.
उरलेली पावलं मी सुटीच टाकली.

दुपारी भाकरीचं फडकं शोधताना
स्टेपनीच्या आत शेंगाचिक्की सापडली,
चार वड्या, कागदात नीट बांधलेल्या.
मल्लेशम आभाळाकडं बघायला लागला.
तेवढ्यात बिराजदारांची सून हुरडा घेऊन आली,
गरम, राखेचा वास असलेला, वर लसणाची चटणी.
मी हारिकाचा कागद परत वाचला.
हुरड्याचं नाव नव्हतं.
फुलीही नव्हती.

तिघांनी बांधावर बसून ओंजळीनं खाल्लं.
तीन वड्या सुनेच्या पोरांना गेल्या.
चौथीचे मी दोन तुकडे केले.
मोठा मी खाल्ला.