डावा कोपरा

बावीस वर्षं फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात
रोज एक सुविचार.
वही आहे त्यांची, पुठ्ठा सुटलेली;
जूनला पहिल्या पानापासून परत सुरू.

'जो वेळ पाळतो, त्याला वेळ सांभाळते.'
त्याच्याच खाली उभा असायचा
उशिरा आलेला इंद्रजित गवळी,
खडूची भुकटी केसांत.

परवा पाहुण्यांना धारोष्ण दूध पाजायला
पहाटे गंगावेशीत गेले.
कट्ट्यावर म्हशीच्या पोटाला डोकं टेकून
तो धार काढत होता.
सात ग्लासांचा हिशेब
मी पर्स उघडायच्या आत सांगितला त्यानं,
वर पाचशेचे सुट्टेही.
माझ्या वर्गात सतराचा पाढा
त्याच्या तोंडून कधी फुटला नव्हता.

शाळेत आले. कोपरा पुसला.
गणिताचा तास तिसरा केला.
हेडसर म्हणाले, वरती कळवावं लागेल.
म्हटलं, कळवा.

फळ्यावर ओल्या फडक्याचे वळ.
"बाई, आज सुविचार?"
मी इंद्रजितकडे बघितलं.
तो पायानं फरशी खरवडत म्हणाला,
"म्हस पान्हवायला दम धरावा लागतोय."

तेच लिहिलं.
म्हस की म्हैस,
यावर मागच्या बाकांत अजून भांडण चालू आहे.