अंगठा बाहेर ठेव

हे बघ संघपाल,
अंगठा बाहेर ठेव.
स्टिअरिंगला मूठ आवळायची नाही.
तळहात नुसता टेकवायचा,
गाभण गाईच्या कुशीवर मी टेकवते तसा.
चाकाखाली गोटा आला की स्टिअरिंग आपणहून गरकन फिरतं
आणि आत अडकलेला अंगठा मोडतं.
माझा मोडला होता, पाटणबोरीच्या पुढे, लग्नाआधी.
तुला सांगितलं होतं, बैलानं लाथ मारली.
खोटं होतं ते.

जीप म्हातारी आहे, वनखात्याच्या लिलावातली.
तिला घाई आवडत नाही. तुलाही नाही.
म्हणून म्हणते, जमेल तुमचं.

पांदण सरळ दिसते, पण सरळ नाही.
बंडीच्या चाकोऱ्या बघ, गुडघाभर,
वरून सुकलेल्या, आतून लोणी.
काळी माती ही, पायाला लागली तर चप्पल मागते,
चाकाला लागली तर आख्खी जीप.
चाकोरीत उतरू नकोस.
एक चाक मधल्या उंचवट्यावर,
दुसरं धुऱ्याच्या गवतावर.
पऱ्हाटी दाराला घासेल, घासू दे.
उकंडरावकाका ओरडतील,
त्यांची चार बोंडं मी भरून देईन.

काल जेवताना विचारलंस, मी कशाला शिकू?
रात्री दोनला फोन येतो, वासरू आडवं आलेलं.
परत निघते तेव्हा हात खांद्यापासून गळलेले असतात,
गिअर टाकायला दोन्ही लावावे लागतात.
तेव्हा वाटतं, कोणीतरी चालवावी.
एवढंच कारण आहे. दुसरं शोधू नकोस.

नाल्याचं मला माहीत आहे.
तू दहा वर्षांचा, कासरा तुझ्या हातात,
बंडी कलली आणि चांद्या खाली.
तुझ्या आईनं सांगितलं, साक्षगंधाच्या दिवशी,
चहा गाळता गाळता.
तू कधीच नाही.
गुरांची डॉक्टर म्हणून सांगते,
तसा मोडलेला पाय कोणालाच जोडता आला नसता.
बायको म्हणून काही सांगत नाही.

चल, उतर.
नाला आधी पायांनी बघायचा, मग चाकांनी.
चप्पल राहू दे इथेच.

तू पॅन्ट दुमडलीस,
एक तुराटी उचललीस आणि गेलास,
परत आलास, पुन्हा गेलास.
जिनिंगच्या काट्यावर उभा असल्यासारखा
वीतवीत मोजत.
मी इतकी वर्षं हा नाला दणक्यात ओलांडते
आणि दर पावसाळ्यात दोनदा फसते.
मग ट्रॅक्टर, मग साखळी,
मग पुलाच्या कठड्यावर बसलेली पोरं.
तू वर आलास, पोटरीपर्यंत काळा.
"डाव्या अंगाले खडक हाय. मधात गारा हाय.
तू मधातून काहून जाते वं?"

याला माझ्याकडे उत्तर नाही.
सगळे जातात म्हणून.

बस आता.
छोटी दांडी मागे ओढ. पहिला गिअर.
आणि क्लचवरचा पाय काढ. पूर्ण काढ.
उतारावर ब्रेक नको, इंजिनच धरून ठेवेल तिला.
गुरगुरेल. गुरगुरू दे.
थांबावंसं वाटलं तर पाण्याच्या अलीकडे थांब.
मागे हॉर्न वाजवणारं कोणी नाही इथे,
फार तर मडावीच्या बकऱ्या.

नाही थांबलास.

पाणी अर्ध्या चाकापर्यंत आलंय.
तू बोलत नाहीस, ओठ हलताहेत,
बहुतेक काठीनं मोजलेलं पुन्हा मोजतोयस.
खडक लागला. जीप एका अंगावर झाली, तशीच चाललीय.
माझ्या बाजूला ब्रेक नाही,
तरी माझा उजवा पाय पत्र्यावर दाबून धरलाय
आणि अंगठा, बघ ना, मुठीच्या आत.

बघ ना म्हटलं तरी बघू नकोस.
समोर बघ.