अस्तेय

साताऱ्याहून साहेबांच्या जीपमधून ती उतरली,
महाबळेश्वरच्या उतारावरच्या आमच्या वाडीत.
हिरड्याखालच्या नवव्या पेटीशी, जाळीच्या टोपीआडून
तिनं नाव सांगितलं.
मामंजींना नीट ऐकू आलं नाही.
"अस्तेय? शाळेच्या भिंतीवर होता हा शब्द.
चोरी न करणं.
मग मधाच्या धंद्यात ही काय करते?"

औस्तेया.
वहीत काढून दाखवलं तिनं: आधी माग, मागातला धोटा,
मग फुलाकडून पेटीकडे, पेटीकडून फुलाकडे
तीच रेघ.
त्यांच्या भाषेत विणण्याच्याच शब्दातून निघालं म्हणे हे नाव.
देवी आहे. माशांची,
आणि भरल्या घराच्या कर्त्या बाईची.
लग्न ठरलं की बायका मधाची दारू
पेल्यातून वर आढ्याकडे उडवायच्या, तिच्या वाटणीची.
"हिच्या आजीनं पाह्यलंय?"
नाही. कुणीच नाही.
चारशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा कागदात
दोन ओळी उरल्यात,
तेवढ्यावर मुलींची नावं ठेवतात अजून.

आमच्याकडे कागदही नाही.
पेटीतली माशी सातेरी,
आणि घाट उतरून कोकणात गेलं
की वारुळात बसलेली, तीही सातेरी.
कोण कुणाच्या नावावर, मी कधी विचारलं नव्हतं.

बाराव्या वर्षापासून मामंजींनी
कड्यावरून दोराला लोंबकळत आग्या मोहोळं झाडली.
धुरी दिली की माशा पडद्यासारख्या सुटतात,
मग कोयता.
पोरांसाठी थोडं ठेवायचं असतं माशांच्या,
हे पेट्या आल्यावर कळलं.
त्या रात्री ताटावर बसून पुन्हा म्हणाले,
"अस्तेय."
भाकरी तशीच.

जाताना तिनं आणखी एक सांगितलं.
त्यांच्याकडे जनावराच्या मरणाला वेगळा शब्द,
माणसाच्या मरणाला वेगळा.
माशीला माणसाचा लावतात.
मामंजी काही बोलले नाहीत. टोपी झटकली.

श्रावणात धुकं दारातून आत येत होतं.
ते पेट्यांना साखरेचं पाणी देऊन आले,
इरलं भिंतीला टेकवलं,
बराच वेळ उंबऱ्यातच.
एरवी म्हणायचे, पेटी मेली.

"नवव्यातली राणी वारली," म्हणाले.

चूल पेटलेली होती.
मी तवा उतरवला.